देव आणि भुतं: दोन्ही मानावीत, की एकच?

गावाकडे घर बांधताना वास्तुशांत करायची यावर कुणी वाद घालत नाही. पण गवंडी म्हणाला, कुंपणाच्या कोपऱ्यात राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या भुताला, नारळ द्या, की हेच लोक हसतात. हसण्याआधी देव आणि भूत दोघांना शेजारी उभं करून बघायला हरकत नाही.

पुराव्याचा मुद्दा लवकर निकालात निघतो. दिसत दोघंही नाहीत, आणि अनुभव आल्याचं सांगणारे दोन्हीकडे आहेत. उलट भुतांचा ठावठिकाणा जास्त नेमका. मुंजा पिंपळावर, हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. देवाबद्दल इतकं ठाम कुणी बोलत नाही, म्हणून त्याला खोटं पाडणंही अवघड.

मधली भिंतही फार पक्की नाही. वेताळ हा भुतांचा राजा. पण वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीत तोच वेतोबा झाला. त्याला केळीचे घड आणि भलेमोठे चामडी जोडे वाहतात, रात्री गावभर फिरून ते झिजतात अशी श्रद्धा. गोव्यात आमोण्यालाही वेताळाचं देऊळ आहे. मला तरी वाटतं, देवपणाचा बराचसा वाटा छपराचा, जत्रेचा आणि मानकऱ्यांचा असतो.

2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंही खरं कोण हे ठरवलेलं नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा गुन्हा. वारी, कीर्तन, भजनाला हात लावलेला नाही. इजा, फसवणूक किंवा दहशत कुणाच्या वाट्याला येते, एवढंच पाहिलंय.

माझा कौलही तिथूनच लागला. भूत कधी एकटं येत नाही. ते उतरवणारा देवऋषी आला की पाठोपाठ प्रश्न येतोच, 'कुणी केलं?' आमच्या वाडीत एका घरची म्हैस आटली, पोराचा ताप उतरेना, आणि बोट गेलं ते थेट चुलत जावेकडे. तिच्या हातचं पाणी बंद झालं. पोराचा टायफॉइड निघाला, औषधानं बरा झाला. दोन घरांचं बोलणं मात्र अजून बंद आहे, आणि त्यावर औषध द्यायला देवऋषी काही परत आला नाही.

नवस फेडायचा राहिला तर दोष आपल्याच माथी येतो, शेजारणीच्या नाही. देवाचं सगळं सोवळं आहे असं नाही म्हणत. पालखीच्या मानावरून कोर्टापर्यंत गेलेली गावं कोकणात आहेत, आणि काही ठिकाणी अंगात आलेला देवही नावं घेतो. पण घरच्या देव्हाऱ्यातून मला अजून कुणाचं नाव ऐकावं लागलेलं नाही.

तेव्हा ठेवायचा तर देव ठेवा. राखणदारही चालेल, नारळ घेतो आणि गप्प बसतो. देवऋषीला विचारल्याशिवाय जे कळत नाही, ते मात्र उंबऱ्याच्या आत घेऊ नका, निदान घरात आजारी माणूस असताना तरी.