एक वर्ष ऑनलाइन बीएस्सी: ब्युरेट हातात घेतल्यावरचा अनुभव

मे महिन्यात कोणी विचारलं असतं तर ऑनलाइन कॉलेजला मी पाचपैकी चार स्टार दिले असते. आज दोन देतेय, आणि गेल्या आठवड्यात लॅबमध्ये गेले म्हणून देतेय.

कोरोनामुळे बंद असलेली कॉलेजं 20 ऑक्टोबर 2021 ला उघडली, लसीच्या दोन डोसवाल्यांनाच प्रवेश, माझे दुसऱ्या डोसनंतरचे 14 दिवस उलटले होते म्हणून भांडुपहून लोकलचा पास काढून पहिल्याच दिवशी हजर. एसवाय (दुसरं वर्ष), केमिस्ट्री. एफवाय, म्हणजे पहिलं वर्ष, अख्खं घरी बसून झालं, परीक्षा एमसीक्यू, मार्क भरपूर. पहिलं प्रॅक्टिकल अगदी साधं, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं टायट्रेशन, म्हणजे एकात दुसरं थेंबथेंब सोडत नेमकं किती लागतं ते मोजायचं. बारावीत चौघांत एक ब्युरेट (मापाच्या खुणांची, खाली नळ असलेली काचेची नळी) असायची आणि रीडिंग लिहायचं काम माझ्याकडे, त्यामुळे नळ स्वतः फिरवायचं वर्ष खरं तर एफवायचंच होतं.

ते वर्ष मी व्हिडिओ बघितले. घरात दोनच फोन, एक बाबांबरोबर कामावर जायचा, दुसरा मी आणि नववीतला भाऊ वाटून घ्यायचो, रोजचा दीड जीबी, म्हणून सगळं 240 वर. त्या क्वालिटीला फ्लास्क आधी पांढरा दिसतो आणि मग एकदम गुलाबी. मधलं काहीच दिसत नाही. आणि टायट्रेशन म्हणजे ते मधलंच असतं! फिनॉल्फथॅलिनचा (रंग बदलून खूण देणारा इंडिकेटर) पहिला फिकट गुलाबी रंग, फ्लास्क हलवला की जातो, परत येतो, आणि जो अर्धा मिनिट टिकतो तो एंड पॉइंट. मी वर्षभर गडद गुलाबीलाच एंड पॉइंट समजत होते. लॅबमध्ये नळ सोडला आणि फ्लास्क थेट राणी कलर. मॅडम म्हणाल्या, "अगं, हे कधीच होऊन गेलं." रीडिंग 11.4 मिली. दुसरं 10.7. मग लॅबमधले मामा आले, खाली पांढरी टाइल सरकवली, डावा हात नळावर कसा वळवून धरायचा आणि उजव्या हाताने फ्लास्क कसा फिरवायचा ते दाखवलं, म्हणाले शेवटी अर्धा थेंब टोकाला लटकव आणि काचेला लावून घे. हे एकाही व्हिडिओत नव्हतं. त्यानंतर 9.8, 9.8, 9.8, सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे सारखंच येणारं रीडिंग) आला तेव्हा डोळ्यात पाणी आलं माझ्या, खरंच.

आणि राग आला तो पावतीचा. एफवायच्या पावतीवर लॅब फी आहे, वर ब्रेकेज डिपॉझिट आहे. वर्षभर एक टेस्ट ट्यूब हाताळली नाही तर ब्रेकेज कसलं? बाबांचा पगार तेव्हा चार महिने अर्धा होता. सरकारी व्हर्च्युअल लॅब्स फुकट आहेत, आयआयटी मुंबई पण त्यात आहे, कॅल्क्युलेशन समजायला त्या छानच आहेत, पण तिथे क्लिक केलं की थेंब पडतो, बोटाला काही शिकायला मिळत नाही.

हे लिहायला घेतलं तेव्हा एकच स्टार द्यायचा होता. मग ऑरगॅनिकची वही उघडली आणि हात थांबला. न्यूमन प्रोजेक्शन (रेणू एका बाँडच्या रेषेतून समोरून बघून काढायची आकृती) मला वर्गात एकदा सांगून कधीच कळलं नसतं. मॅडमचं रेकॉर्डिंग भाऊ झोपल्यावर तीन वेळा बघितलं, थांबवून थांबवून काढलं, आणि आजही झोपेत काढता येईल. झूमच्या फुकट मीटिंगला 40 मिनिटांची मर्यादा, लेक्चर त्याहून मोठं, त्यामुळे दर वेळी मधे तुटायचं आणि सगळे परत जॉइन व्हायचो, रेंज गेली तर प्रेझेंटी पण जायची, पण रेकॉर्डिंग असायचं म्हणून चाललं. म्हणून दुसरा स्टार. लोकलचे पैसे वाचले ते नेटपॅकमध्ये गेले, तो हिशोब जवळपास बरोबरीत सुटला.

आता ऑफलाइन सुरू झाल्यापासून रेकॉर्डिंग बंद केलंय. का? कॅमेरा तोच, मॅडम त्याच. जे चांगलं होतं तेवढंच काढून टाकलं आणि फी तशीच. थिअरीचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि एफवायची राहिलेली प्रॅक्टिकल्स शनिवारी घ्या असा अर्ज आम्ही लिहिलाय. मामा म्हणालेत शनिवारी थांबायला त्यांची हरकत नाही. 23 सह्या झाल्यात, सोमवारी ऑफिसात देतोय.