पोटाचा ताण उतरवणारी पेग नळी : एका रुग्णालयातील सेवेविषयी अभिप्राय

अंडाशयाच्या कर्करोगाच्या गाठींनी आतडे जागोजागी आवळले गेल्यामुळे आईला दिवसातून सात-आठ वेळा हिरवट उलट्या होऊ लागल्या. तोंडाने काहीही घेतले नाही तरी लाळ आणि जठररस मिळून दिवसाला दोन लिटरहून अधिक द्रव जठरात येऊ शकतो, आणि पुढची वाट बंद असली की तो उलटीवाटेच बाहेर पडतो. नाकातून घातलेल्या राईल्स ट्यूबने उलट्या थांबल्या. परंतु बारा दिवसांत नाकपुडी सोलवटली, घसा इतका दुखू लागला की आईने बोलणेच सोडले. ऑक्ट्रिओटाइडच्या इंजेक्शनांनी स्राव घटला, पण नळी काढता येईल इतका नाही.

डॉक्टरांनी ‘पेग’, म्हणजे पोटाच्या त्वचेतून थेट जठरात नळी बसवणे, सुचवले तेव्हा आता पोटातून अन्न भरवणार, अशी आमची समजूत झाली, कारण १९८० साली अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झालेली ही पद्धत मुळात त्यासाठीच आहे. येथे मात्र तीच नळी जठरातील द्रव बाहेर काढण्यासाठी बसवतात. आईच्या पोटात पाणी झाले होते. ते आधी काढले, प्रतिजैविक दिले, आणि गुंगीत दुर्बीण जठरात उतरवून तिचा उजेड पोटाच्या त्वचेवर जिथे दिसला तिथे भूल देऊन लहानसा छेद घेतला. सुमारे आठ मिलिमीटर जाडीची नळी अर्ध्या तासात बसली आणि तिला पिशवी जोडून ती पलंगाखाली टांगण्यात आली.

दुसऱ्या दिवशी नाक मोकळे झाले. तिसऱ्या दिवशी आईने चहा मागितला. तो थोड्याच वेळात पिशवीत उतरणार, अंगी लागणार नाही आणि अडथळाही यामुळे सुटणार नाही, हे डॉक्टरांनी लपवले नव्हते, आणि त्यांच्या या स्पष्टपणाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पुढे कोकमाचे सार, नारळपाणी, वरणाचे गाळलेले पाणी ती आवडीने घेत असे.

घरी सोडतानाची सेवा मात्र अपुरी होती. नळीतून रोज पाणी सोडायचे असते, हे कोणीही सांगितले नाही. चौथ्या रात्री नळी तुंबली, पोट फुगले, पुन्हा उलटी झाली. सकाळी घरी आलेल्या परिचारिकाताईंनी सिरिंजने कोमट पाणी हळूहळू सोडून ती मोकळी केली. कडेने आम्ल झिरपून त्वचा लाल होते, त्यावर झिंक ऑक्साइडचे मलम लावावे, हेही त्यांनीच शिकवले. पहिल्या काही आठवड्यांत नळी निसटली तर ती घरी परत घालू नये, कारण आतली वाट पक्की झालेली नसते आणि जठरातील द्रव पोटाच्या पोकळीत जाऊ शकतो. एवढी गंभीर सूचना तरी रुग्णालयाने मराठीत लिहून द्यायला हवी होती.

हा उपाय आम्हाला पहिल्याच आठवड्यात सुचवला असता तर आईचा कितीतरी त्रास वाचला असता. त्यानंतर ती सात आठवडे घरी होती आणि नाकातली नळी पुन्हा घालावी लागली नाही.