मलिगन शिकायला एमटीजी अरीना कसं आहे? बेस्ट ऑफ थ्री खेळणार असाल तर मस्त

मॅजिक द गॅदरिंग हा कार्ड गेम शिकवताना लोक सगळं शिकवतात, पण सुरुवातीचे सात कार्ड कधी ठेवायचे आणि कधी परत करून नवे काढायचे (यालाच मलिगन म्हणतात) याबद्दल "खेळून खेळून कळेल रे" एवढंच. मग खेळून खेळूनच कळणार असेल तर अरीना, म्हणजे मॅजिकचं ऑनलाइन व्हर्जन, बरं, फुकट आहे, मोबाईलवर पण चालतं, आणि घरबसल्या एका रविवारात दुकानातल्या दोन फ्रायडे नाइट मॅजिक स्पर्धांइतके हात (सुरुवातीची सात कार्डं) बघून होतात.

फक्त बेस्ट ऑफ वनमध्ये (एकाच गेमचा सामना) शिकू नका प्लीज. तिथे अरीना पडद्यामागे एकापेक्षा जास्त हात काढतं आणि तुमच्या डेकमधल्या लँडच्या (माना, म्हणजे बाकीची कार्डं खेळायचा खर्च, देणारी कार्डं) प्रमाणाला जवळचा असेल तो देण्याकडे झुकतं. कंपनीने हे लपवलेलं नाही, नवीन माणूस वैतागू नये म्हणून ठीकच आहे, पण खरे घाण हात तिथे कमी दिसतात आणि मलिगन शिकायचं ते घाण हातांवरच ना. बेस्ट ऑफ थ्रीमध्ये (आधी दोन गेम जिंकेल तो) साधं शफल. 60 कार्डात 24 लँड असले तर साधारण सातातला एक हात शून्य किंवा एकच लँडचा येतो, तो तर डोळे झाकून परत.

खरी डोकेदुखी दोन लँडवाल्या हाताची, आणि इथे अरीना आवडतं कारण हात ठेवायचा की नाही विचारायच्या आधीच पहिली चाल कोणाची ते कळलेलं असतं. याच डेकमध्ये दोन लँड ठेवून तुम्ही आधी खेळत असाल तर तिसऱ्या टर्नला तिसरा लँड मिळायचा चान्स 66 टक्के, नंतर खेळत असाल तर 81. म्हणजे हात तोच पण उत्तर वेगळं, त्यात पुन्हा डेक मोनो रेड (फक्त लाल कार्डांचा, झटपट हल्ला करणारा) असेल आणि हातात एक-दोन मानाची कार्डं असतील तर मी ठेवतो, कंट्रोल (समोरच्याला रोखत गेम लांबवणारा) असेल आणि सगळी चार मानाची असतील तर नाही. रमीत पहिला ड्रॉप 20 पॉइंटला पडतो तो 80 वाचवायलाच ना, तसंच.

2019 पासून लंडन मलिगन हा नियम आहे, दरवेळी पूर्ण सात काढायचे आणि जितके मलिगन तितके कार्ड डेकच्या तळाशी टाकायचे, त्यामुळे सहाचा हात पूर्वीइतका भिकार नसतो. तळाशी काय टाकायचं हा मात्र वेगळाच अभ्यास, लोक महागडं भारी कार्ड जीवावर येऊन ठेवतात आणि मग बसतात बघत.

मायनस पॉइंट: कुठले हात ठेवले आणि पुढे काय झालं याचा हिशोब अरीना देत नाही. ड्राफ्ट (पॅकमधून कार्डं निवडून तिथेच डेक बनवायचा) खेळत असाल तर पीसीवर 17लँड्स या वेबसाइटचा छोटा प्रोग्रॅम टाका, तिथे कुठलं कार्ड ओपनिंग हँडमध्ये असताना किती जिंकलं जातं ते दिसतं. आणि ड्राफ्टमध्ये 40 कार्डांना 17 लँड असले की वरचे 66 आणि 81 टक्के हे आकडे 71 आणि 85 होतात, तिथे दोन लँडचा स्वस्त हात नंतर खेळताना बिनधास्त ठेवा.

माझ्याकडून 5 पैकी 4.