फ्रेंच प्रेसचे नऊ महिने

गेल्या नोव्हेंबरात सहाशे मिलिलिटरचा फ्रेंच प्रेस घरी आणला, तेव्हा आमच्या पार्ल्याच्या घरात कॉफी म्हणजे बाटलीतली तयार पूड दुधात उकळून, वर साखर आणि जायफळ घालून पाहुण्यांपुढे ठेवायची गोष्ट होती. आज ऑगस्टात तोच प्रेस रोज सकाळी चहाच्या पातेल्याशेजारी ओट्यावर येतो. उपकरण अगदी साधे आहे: काचेचे उभे भांडे आणि त्यात वरून खाली सरकणारा, टोकाला पोलादी जाळी असलेला दट्ट्या. नाव फ्रेंच असले तरी १९२९ साली या रचनेचे पेटंट घेणारे आत्तिलिओ कालिमानी मिलानचे होते. मूळ कल्पना तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

पहिला महिना मात्र वाया गेला, आणि त्यात दोष प्रेसचा नव्हता. माटुंग्याहून आणलेली ८०:२० प्रमाणातली, म्हणजे पाचवा हिस्सा चिकोरी (कॉफीत मिसळतात ती एका भाजलेल्या मुळाची पूड) असलेली बारीक पूड मी त्यात घातली. ही पूड दाक्षिणात्य पद्धतीच्या पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरसाठी दळलेली असते. तिथे पाणी पुडीच्या थरातून थेंबथेंब खाली उतरते, त्यामुळे बारीकपणा हाच तिचा गुण ठरतो. प्रेसमध्ये तीच पूड जाळीत लिंपून बसते. तिसऱ्या दिवशी दट्ट्या अर्ध्यावर अडला, मी वरून जोर दिला आणि कडेने उसळलेली कडकडीत कॉफी ओट्यावर व माझ्या मनगटावर आली. दट्ट्या बोटाच्या हलक्या दाबाने खाली जात नसेल, तर दळण बारीक झाले आहे असे समजावे आणि हात तिथेच थांबवावा.

त्यानंतर चिकमगळूरच्या बिनचिकोरीच्या बिया आणल्या आणि घरच्या मिक्सरवर दळून पाहिल्या. मिक्सरचे पाते बिया दळत नाही, फोडते. त्यामुळे एकाच भांड्यात पीठही निघते आणि कण्याही निघतात. पिठातून कडवटपणा उतरतो, कण्यांतून नुसता आंबटपणा, आणि पहिल्याच घोटात दोन्ही एकदम जिभेवर येतात. शेवटी शंकूच्या आकाराचे दाते असलेली हातचक्की घेतली. ती प्रेसपेक्षा महाग पडली, पण पैसे कमी असतील तर ते प्रेसवर वाचवावेत, चक्कीवर नव्हे, असे माझे ठाम मत झाले आहे. तीस ग्रॅम बिया दळायला तीनेक मिनिटे लागतात. दळण लापशीच्या रव्याइतके भरड हवे. चिमटीत धरले तर दाणे वेगवेगळे जाणवले पाहिजेत, शिऱ्याच्या रव्यासारखे सरकता कामा नयेत. ज्यांना चक्की नको असेल त्यांनी दुकानदाराला स्पष्ट सांगून भरड दळून घ्यावे, मात्र एका वेळी आठवड्यापुरतेच, कारण दळलेल्या कॉफीचा वास फार लवकर उडतो.

माझे माप तीस ग्रॅम कॉफीला साडेचारशे मिलिलिटर पाणी, म्हणजे एकास पंधरा, असे आहे. चमच्याने मोजण्याऐवजी दोनशे-चारशे रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यावा, कारण रोजची चव सारखी येण्यात त्याचा वाटा मोठा आहे. भांडे आधी गरम पाण्याने विसळून घेतो, उकळते पाणी गॅसवरून उतरवून अर्धा मिनिट थांबतो आणि मग एका धारेत ओततो. बिया ताज्या भाजलेल्या असतील तर अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून वर जाड, तपकिरी साय आल्यासारखी दिसते. चार मिनिटांनी ती साय चमच्याने फोडतो, वर राहिलेला फेस काढून टाकतो आणि आणखी पाच मिनिटे भांड्याला हातही लावत नाही. या पाच मिनिटांत बारीक कण तळाशी बसतात. दट्ट्या तळापर्यंत न दाबता पृष्ठभागापाशीच ठेवून गाळले, तर निवळ कॉफी मिळते. दाबला की बसलेला गाळ पुन्हा ढवळला जातो. उरलेली कॉफी चोथ्यावर तशीच ठेवू नये, थर्मासमध्ये काढावी. कपातला शेवटचा घोट मात्र सोडूनच द्यावा लागतो.

पाण्याच्या बाबतीत मुंबईकर सुदैवी आहेत. तानसा-वैतरणा-भातसाचे पाणी मुळात मृदू असते, तरी आमच्या आरओ यंत्रातून आलेल्या पाण्याची कॉफी सपक लागत असे. क्षारच काढून घेतले की चव उतरायलाही अडचण येते. आता साध्या फिल्टरचे पाणी वापरतो. पावसाळ्याने वेगळाच त्रास दिला. जूनमध्ये पिशवीतल्या बियांनी दमट हवा ओढली, त्यांचा कुरकुरीतपणा गेला आणि चक्कीचे दाते चिकटू लागले. गंमत अशी की ‘मॉन्सून्ड मलबार’ ही प्रसिद्ध कॉफी पश्चिम किनाऱ्यावरच्या याच पावसाळी वाऱ्यात मुद्दाम बिया फुगवून तयार करतात; पण त्या बिया कच्च्या असतात, भाजलेल्यांना ही हवा मानवत नाही. तेव्हापासून अडीचशे ग्रॅमच आणतो आणि घट्ट झाकणाच्या दोन लहान डब्यांत ठेवतो. फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण डबा बाहेर काढून उघडला की बियांवर दव धरते.

तक्रारी आहेत. जाळी रोज सुटी करून धुवावी लागते, नाहीतर तेलाचा खवट वास धरते. चोथा मोरीत टाकून मी एकदा पाइप तुंबवला. आता तो ओल्या कचऱ्यात आणि थोडा कुंडीतल्या मातीत जातो. पाचव्या महिन्यात धुताना नळाला आपटून काच तडकली, आणि विक्रेत्याकडे सुटी काच नसल्याने अख्खा प्रेस पुन्हा घ्यावा लागला. खरेदीपूर्वी सुटी काच मिळते का, हे अवश्य विचारावे. शिवाय पोलादी जाळीतून कॉफीतले तेलही कपात येते. त्यातील कॅफेस्टॉल कोलेस्टेरॉल वाढवते आणि कागदी फिल्टर ते बऱ्याच अंशी अडवतो. म्हणून बाबांची कॉफी मी कागदातूनच गाळतो.

आईला काळी कॉफी हा काढा वाटतो. तिच्यासाठी त्याच तीस ग्रॅमवर तीनशे मिलिलिटरच पाणी घालून कडक अर्क काढतो आणि निम्म्यास निम्मे तापलेले दूध घालतो. जायफळ ती स्वतः किसते, कारण माझ्या हातून ते नेहमी जास्त पडते.