अकरा महिने, नवे स्पीकर आणि जुन्या एसयूव्हीची दारं

गाडी बाबांची. १३ वर्षांची डिझेल एसयूव्ही. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण पुढच्या डाव्या दारातून गेली दोन वर्षं फाटक्या कागदावर कुणी फुंकर घालावी तसा आवाज येत होता. बातम्या कशाबशा कळायच्या. तबला लागला की डग्गा ऐकूच यायचा नाही, नुसती चाट टकटक करायची. गाडी विकायची नव्हती, अजून पाच-सात वर्षं वापरायची होती, म्हणून स्पीकर बदलायचे ठरवले. त्याला आता ११ महिने झाले. एक पावसाळा, एक कडक उन्हाळा आणि साधारण १४,००० किलोमीटर झालेत, तेव्हा लिहायला हरकत नाही.

पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट सेट बसवलाय. म्हणजे खालचे-मधले सूर काढणारा मिडबास वेगळा, वरचे सूर काढणारा ट्वीटर वेगळा आणि दोघांना सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर वेगळा. मिडबासच्या कडेला रबर, ट्वीटर सिल्क डोमचा, ४ ओहम, ७० वॉट आरएमएस (म्हणजे सतत पेलता येणारी ताकद), संवेदनशीलता (म्हणजे ठरावीक ताकदीवर किती जोरात वाजतो ते) ८८ डेसिबल. दोन महिन्यांनी त्यात चार चॅनलचा ॲम्प, म्हणजे आवाजाला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, जोडला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण जे कळलं ते या वर्गातल्या कुठल्याही सेटला लागू पडतं: निम्मं काम स्पीकर करतो, उरलेलं निम्मं दार करतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पहिला महिना हळहळण्यात गेला नसता.

जुना स्पीकर हातात आला तेव्हा दुखणं लगेच दिसलं. स्पीकरचा हलणारा पडदा म्हणजे कोन. त्याच्या कडेला फोमचा गोल पट्टा असतो, त्याच्या आधाराने कोन आतबाहेर हलतो. तो पट्टा जवळपास उरलाच नव्हता. बोट लावलं की वाळक्या पापुद्र्यासारखा गळून पडायचा, बोटावर काळी भुकटी राहायची. ऊन, दमट हवा आणि वय यांनी फोम असाच विरतो. कागदी कोन मात्र धड होता. मागचं चुंबक चहाच्या कपाच्या बुडाएवढं. जुन्या ट्वीटरला तर एकच छोटा कपॅसिटर होता, तोच त्याचा क्रॉसओव्हर.

पहिली फिटिंग एका वर्कशॉपमध्ये करून घेतली. दीड तासात दोन्ही दारं झाली. परत येताना ऐकलं आणि मन खट्टू झालं. वरचे सूर स्वच्छ झाले होते, गाणाऱ्या बाईचा श्वास ऐकू येत होता, पण खालचं सगळं गायब. फाटक्या स्पीकरवर याहून जास्त बास होता. शिवाय व्हॉल्यूम पूर्वी १६ वर पुरायचा, तो २२ वर न्यावा लागला.

व्हॉल्यूमचं कारण सोपं आहे. गाडीबरोबर येणारे स्पीकर हलक्या कोनाचे असतात, थोड्या ताकदीवर जोरात वाजावेत अशीच त्यांची बांधणी असते. नवा स्पीकर ३ डेसिबलने कमी संवेदनशील असला, तर तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॉट लागतात. आणि स्टिरिओवर ‘५० वॉट गुणिले ४’ छापलेलं असलं तरी १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून न फाटलेले २६ वॉटच्या वर मिळणं गणितातच बसत नाही. प्रत्यक्षात १८ ते २० मिळतात. स्पीकरच्या खोक्यावरचा मोठा आकडा पाहून कुणी सेट घेत असेल तर त्याने आधी आरएमएस आणि संवेदनशीलता हे दोन आकडे पाहावेत.

बास का गेला, हे शोधायला मात्र दाराचं आतलं पॅनल उघडावं लागलं. त्याआधी एक साधी चाचणी केली, ती कुणालाही बसल्या जागी करता येते. बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेला. बास वाढला! एक स्पीकर बंद केल्यावर बास वाढतो याचा अर्थ दोघे एकमेकांना खातायत. एकाचा कोन बाहेर येतो त्याच वेळी दुसऱ्याचा आत जातो आणि हवेतला दाब तिथल्या तिथे फिटतो. पॅनल उघडल्यावर १.५ व्होल्टचा साधा सेल मिडबासच्या टोकांना क्षणभर लावून पाहिला. धनाला धन लावलं की कोन बाहेर उडायला हवा. स्पीकर बरोबर होता, एका दारातल्या वायरी उलट जोडल्या होत्या. (ही सेलची चाचणी मिडबासपुरतीच. ट्वीटरला थेट सेल लावू नका, नाजूक कॉइल असते.)

वायरी सुलट केल्यावर निम्मा बास परत आला. उरलेला दारात अडकला होता.

दार हा स्पीकरचा डबा आहे, हे मी तोवर कधी तसं पाहिलंच नव्हतं. बाहेरचा पत्रा पातळ आणि मोकळा. आतल्या पत्र्याला काचेच्या मशीनपर्यंत हात जावा म्हणून मोठमोठी भोकं. त्यांच्यावर कारखान्यातून पाणी अडवायला एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला. कोन पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागून खेचतो. मागची लाट त्या भोकांतून फिरून पुढे आली की पुढच्या लाटेला मारते, आणि सूर जितका खालचा तितका हा मार जास्त. माझ्या दारातला तो कागद फिटिंगच्या वेळी टरकावून तसाच लोंबत ठेवलेला होता. स्पीकरखाली एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीची, रिंग होती, तीही कच्ची, रंग न दिलेली. दारात काचेवरून पाणी उतरतंच. एमडीएफ ते पिते आणि फुगते.

मग दादा आणि मी एका रविवारी बसलो. एका दाराला पाच तास लागले. बॅटरीचं ऋण टोक आधी काढलं. काही गाड्यांत दाराच्या आत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, बाजूच्या एअरबॅगसाठी. तशी गाडी असेल तर दार सील करण्याआधी सर्व्हिस मॅन्युअल बघाच, हा हौसेने ठरवण्याचा विषय नाही. आमच्या गाडीत तो नाही. पॅनल काढायला हँडलच्या खाचेत टोपणाखाली लपलेला एक स्क्रू, आरशाच्या त्रिकोणामागे दुसरा, आणि मग प्लॅस्टिकच्या पट्टीने खालून उचकटत वर. एका दारातल्या नऊ क्लिपांपैकी तीन तुटल्या. १३ वर्षांचं प्लॅस्टिक तुटणारच, त्यामुळे नव्या क्लिपा आणल्याशिवाय पॅनलला हात लावू नये.

बाहेरचा पत्रा आतून अल्कोहोलने पुसून त्यावर २ मिलिमीटरची ब्यूटाइल शीट (रबरासारखी, चिकट) लावली, रोलरने दाबून. लावण्याआधी पत्र्यावर बोटाने ठोकलं तर ‘टण्ण’ वाजून ते रेंगाळायचं. शीट लावल्यावर ‘ठप्’, आणि शांत. एवढ्या एका आवाजातच दादाने माझ्याकडे पाहिलं. अख्खा पत्रा मढवायची गरज नसते. पत्र्याचा थरथरणारा मधला भाग धरला की पुष्कळ होतं, उगाच दाराचं वजन वाढवून बिजागरांवर भार कशाला? डांबराची शीट स्वस्त पडते, पण उन्हात मऊ होते, वास मारते, सुटते. ब्यूटाइलच घ्या.

आतल्या पत्र्याच्या मोठ्या भोकांवर पातळ अॅल्युमिनियमचे तुकडे कापून स्क्रूने बसवले, कडेने ब्यूटाइलची दोरी. उद्या काचेचं मशीन बिघडलं तर चार स्क्रू काढून हात घालता यायला हवा. लॉकच्या सळ्यांना फोम गुंडाळला. एमडीएफच्या जागी कडक प्लॅस्टिकची रिंग. स्पीकर कायमचा कसण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन पाहिली, कारण नव्या स्पीकरचं चुंबक खोल असतं आणि काचेला टेकलं तर दोन्ही जातात. शेवटी स्पीकरच्या पुढच्या कडेला फोमची गोल पट्टी लावली, म्हणजे पॅनल बसलं की आवाज जाळीतूनच बाहेर येतो, पॅनलच्या मागे फिरत राहत नाही. ही पट्टी फार जण विसरतात. तिचा फरक माझ्या कानाला स्पष्ट कळला.

संध्याकाळी तेच गाणं लावलं, तोच स्टिरिओ, तेच स्पीकर. डग्गा आला. नुसता ‘धप’ नाही, तर तळव्याच्या दाबाने सूर वर चढतो ती घुमारसुद्धा. दार लावतानाचा आवाजही बदलला, भरीव झाला. एका रविवारच्या कामाने जे मिळालं ते पुढे ॲम्पनेही दिलं नाही, म्हणून पैसे मोजकेच असतील तर माझा सल्ला सरळ आहे: थोडा साधा सेट घ्या, पण दार करा.

ॲम्पने वेगळी गोष्ट दिली, मोकळेपणा. चॅनलमागे ६० वॉट आरएमएस. जोरात लावलं तरी आवाज चिरकत नाही. स्टिरिओ जुनाच ठेवलाय, त्याच्या स्पीकरच्या वायरींवरूनच ॲम्पला सिग्नल दिला. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज घेतला. तो लांब ठेवला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तिला वाचवणारं कुणी नसतं. सुरुवातीला ॲक्सिलरेटर दाबला की गुणगुण चढायची. अर्थिंग रंगवलेल्या बोल्टवर घेतलं होतं. रंग खरवडून उघड्या लोखंडावर घेतलं, गुणगुण थांबली. ॲम्पवरचा गेनचा नॉब (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा) हा व्हॉल्यूम नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. आवाज फाटायला लागतो त्याच्या बराच आधी तो थांबवायचा.

८० हर्ट्झच्या खालचं मिडबासला देतच नाही, फिल्टर लावलाय. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट हलावं लागतं. ते ओझं उतरवलं की मधले सूर इतके स्वच्छ होतात की खालचं थोडं गेल्याचं वाईट वाटत नाही.

ॲम्पमध्ये डीएसपी, म्हणजे आवाजावर आकडेमोड करणारी चिप, आहे, त्याने वेळ जुळवता येते. माझ्या कानापासून जवळचा ट्वीटर ९५ सेंटिमीटर, लांबचा १४०. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे जवळच्याला १.३ मिलिसेकंद थांबवायचं. थांबवल्यावर गाणारी व्यक्ती दारातून उठून डॅशबोर्डच्या मध्यावर येऊन बसते. त्या क्षणी मला खरोखर भरून आलं. पण शेजारी बसणाऱ्याला हेच बिघडलेलं ऐकू येतं, म्हणून एकटीसाठी एक सेटिंग आणि दोघांसाठी दुसरं ठेवलंय.

आता टिकाऊपणाचं. पावसाळ्याच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रेक मारला की डाव्या दारात पाणी डचमळल्याचा आवाज यायला लागला. दाराच्या तळाला पाणी निघून जायला चिरा असतात. शीटची एक कड आमच्या हातून त्यातल्या एकीवर गेली होती. ब्लेडने कापली, पाणी वाहून गेलं. स्पीकरला काही झालं नाही, पण महिनाभर तसंच राहिलं असतं तर दार खालून गंजलं असतं. उन्हाळ्यात एकाच ठिकाणी शीटचा कोपरा सुटला, जिथे तेलाचा हात नीट पुसला नव्हता. तिसऱ्या महिन्यात उजव्या दारात एका ठराविक सुराला खडखड सुरू झाली. कारण निघालं वायरिंगचा एक मोकळा कपलर (वायरी जोडायचा प्लॅस्टिकचा जोड), पत्र्यावर आपटणारा. फोमची पट्टी गुंडाळली, संपलं. दार शांत झालं की अशा बारीक खडखडी ऐकू यायला लागतात. धीर धरून एकेक शोधावी लागते.

सेटबद्दल तक्रार एकच. ट्वीटरची पातळी ० वर ठेवली तर तो टोचतो, विशेषतः ‘स’ आणि ‘श’. क्रॉसओव्हरवर उणे ३ डेसिबलची सोय आहे, तिथे ठेवल्यावर बरं झालं. बसवल्यावर रेडिओवर पारख करू नका. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही येतच नाही. ओळखीचं, नीट ध्वनिमुद्रित गाणं पेन ड्राइव्हवरून ऐका.

बाबा मात्र रेडिओच ऐकतात, तोही बातम्यांपुरता. पूर्वी ते १८ वर ठेवायचे आणि तरी मान पुढे काढायचे. आता ११ वर ठेवतात.

मागच्या दारांना अजून हात लावलेला नाही. फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटायची सोय, पुढे आहे, पुढचे नीट वाजले की मागच्यांची उणीव भासत नाही. पण मागे बसणारी आई म्हणते की तिच्याकडे नुसती कुजबुज येते, आणि तिचं बरोबर आहे. दोन साधे कोॲक्सियल, म्हणजे ट्वीटर आतच असलेले स्पीकर, आणलेत. त्यांच्यासाठी रिंगा कापून झाल्या, क्लिपाही आणून ठेवल्यात. पुढच्या रविवारी मागचं डावं दार.