ब्रेक कूलिंग डक्ट: नऊ महिने आणि चार ट्रॅक डेनंतर

गाडी 2017 ची पोलो जीटी टीएसआय. पुण्यात रोज ऑफिसला हीच, आणि ट्रॅक डे (रेसट्रॅकवर आपलीच गाडी वेगात चालवायचा दिवस) असला की हीच चालवत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला नेतो. डक्ट, म्हणजे ब्रेकपर्यंत बाहेरची हवा नेणारी नळी, बसवायचं ठरलं ते इरुंगट्टुकोट्टईच्या पाचव्या लॅपला. लांब सरळ रस्ता संपताना ब्रेक दाबला आणि पेडल अर्ध्याहून खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर गाडी थांबली, पण ते दोन सेकंद मी विसरलेलो नाही.

पेडल खाली जातं तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. पेडल कडक लागतं आणि तरीही गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड (चाकाच्या डिस्कला दाबून गाडी थांबवणारे तुकडे) तापलेले असतात. हा फरक आधी ओळखा, कारण दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे. डॉट 4 प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हाच आकडा 155 वर येतो. माझं ऑइल दोन पावसाळे जुनं होतं.

उष्णता किती, याचं गणित मी घरी करून पाहिलं. माझ्यासकट गाडी 1200 किलो धरली, तर 150 वरून 70 च्या वेगावर येताना सुमारे 8 लाख ज्यूल ब्रेकमध्ये जातात. त्यातला मोठा वाटा पुढच्या चाकांचा. पुढची डिस्क सहा किलोच्या आसपास धरली, तर एकेक डिस्क एकाच ब्रेकिंगला शंभरेक अंशांनी तापते. डक्ट हे शंभर अंश कमी करू शकत नाही. पुढच्या वळणापर्यंत त्यातले जास्तीत जास्त अंश काढून टाकणं, एवढंच त्याचं काम.

मी फॉग लॅम्प काढून तिथे हवेची तोंडं बसवली. तिथून 63 मिलिमीटरचा, सिलिकॉनचा लेप असलेला फायबरग्लासचा होस चाकापर्यंत नेला. साधा प्लास्टिकचा पाइप वापरू नका, डिस्कजवळ तो वितळतो. डिस्कमागचा पत्रा काढून त्याच मापाचा नवा पत्रा भोसरीत कापून घेतला आणि त्यावर होस अडकवायला नळी वेल्ड केली. नळीचं तोंड डिस्कच्या मधोमध उघडतं, आणि सगळं यश याच जागेत आहे. हवेशीर डिस्कच्या आतल्या पाकळ्या फिरताना मधली हवा ओढून बाहेर फेकतात. हवा मध्यात दिली की दोन्ही बाजू सारख्या थंड होतात. ती नुसती आतल्या बाजूवर मारली, तर एक बाजू गार आणि दुसरी लाल राहते, आणि डिस्कला तडे जायला तेच पुरेसं असतं. एबीएस सेन्सरची वायर तिथूनच जाते, ती दबत नाही ना हे दिवा लावून पाहा. एकूण खर्च साडेअकरा हजार.

पहिला होस तीन आठवड्यांत फाटला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर त्याला घासत होता. आता तो लोअर आर्मला (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याला) बांधून नेलाय, स्टीलच्या क्लिपांनी. बांधल्यावर गाडी जॅकवर घेऊन आणि खाली उतरवून, दोन्ही वेळा स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवून बघा.

फायदा खरंच होतो का, हे जानेवारीत एकाच दिवसात तपासलं. सकाळी तोंडांवर टेप लावून सहा लॅप, दुपारी टेप काढून सहा. डिस्कच्या कडेला तापमान दाखवणारे रंग लावले होते: हिरवा 430 अंशांना पांढरा पडतो, नारिंगी 560 ला पिवळा. सकाळी दोन्ही रंग बदलले. दुपारी, ऊन जास्त असूनही, फक्त हिरवा बदलला. कॅलिपरवरची (पॅड दाबणाऱ्या भागावरची) तापमानाची पट्टी सकाळी 210 आणि दुपारी 188 दाखवत होती.

मला यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 188 म्हणजे 155 च्या अजूनही वर. जुनं ऑइल असतं तर डक्ट असूनही ते उकळण्याची भीती होतीच. म्हणून कुणी विचारलं तर मी आधी ताजं, जास्त उत्कलनबिंदूचं ऑइल आणि ट्रॅकचे पॅड घ्यायला सांगतो, आणि त्यानंतर डक्ट.

करीला फरक कमी जाणवला. तो ट्रॅक 2.1 किलोमीटरचा, वळणं जवळजवळ. डक्टला हवा मिळते ती वेगातून, आणि तिथे तेवढी मोकळी धाव मिळत नाही. इरुंगट्टुकोट्टईला मात्र सहाव्या लॅपचं पेडल दुसऱ्या लॅपसारखंच लागतं, आणि मन ब्रेकवरून उठून वळणावर जातं. त्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं पुन्हा करेन. शेवटचा लॅप तरीही हळूच घेतो, आणि पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी उभी करायच्या जागी) हँडब्रेक ओढत नाही.

रस्त्यावर त्रास आहे. डिस्कवर पाणी आणि चिखल थेट जातो, त्यामुळे ट्रॅक डे नसताना तोंडांवर रबरी झाकणं लावतो. पावसाळ्यात ताम्हिणीच्या धुक्यात फॉग लॅम्प नसणं फार जाणवलं. घाटात नेहमी जाणाऱ्याने ते काढू नयेत, बंपरच्या खालच्या जाळीतून हवा घ्यावी. डावा होस लोअर आर्मजवळ पुन्हा पातळ झालाय. पुढच्या ट्रॅक डेआधी तो बदलणार आहे, आणि या वेळी दोन क्लिपांच्या मध्ये तिसरी लावणार आहे.