कमी सोडियमचं मीठ : दोन महिन्यांनंतर

ह्यांचं बीपी १५० च्या खाली उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी गोळी बदलली आणि मीठही बदलायला सांगितलं. जांभळी नाक्याच्या वाण्याकडे मिळालं. साध्या मिठाच्या दुपटीहून महाग!

भाजी-आमटीत फरक कळत नाही. काकडीच्या कोशिंबिरीत मात्र शेवटी जिभेवर किंचित कडवटपणा राहतो, तो थोड्या सोडियमच्या जागी घातलेल्या पोटॅशियम क्लोराईडचा. दही सढळ घातलं की झाकला जातो. लोणच्याला साधंच मीठ घेतलं. वर्षाच्या कैरीवर प्रयोग कोण करणार?

ह्यांना पटवलं ते चीनच्या अभ्यासाने. ६०० खेडी, सुमारे २१ हजार माणसं, बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला. निम्म्या गावांना पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराईडवालं मीठ दिलं, तिथे पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं. निकाल २०२१ चा. अर्थात तेही चिमटीनेच घालायचं, शेंगदाण्यांवर भुरभुरवायचं नाही, हे ह्यांना रोज सांगावं लागतं.

एक तारा कापते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय खाऊ नये, ही सूचना पाकिटामागे मुंगीएवढ्या अक्षरांत. सासूबाईंचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण. त्यांच्या साध्या मिठाला आता लाल झाकणाची बरणी, आणि आमटी दोन पातेल्यांत.